शेपटीखाली चाक असलेले विमान शिकवणारा फ्लाइंग क्लब : एक परीक्षण

गेल्या उन्हाळ्यात, मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत, मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधील एका लहान फ्लाइंग क्लबमध्ये टेलव्हील विमान चालवायला शिकलो. त्याआधी माझ्याकडे खाजगी वैमानिकाचा परवाना होता आणि सेस्ना १७२ या नाकाखाली चाक असलेल्या विमानावर दीडशेच्या आसपास तास झालेले होते. इकडे हौसेने परवाना काढलेले मराठी मित्र भेटले की टेलव्हील करावे का, कुठे करावे, किती खर्च येतो, हे प्रश्न हमखास निघतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. क्लबचे नाव मी देत नाही. तो स्वयंसेवकांच्या बळावर चालणारा, जेमतेम चाळीस सभासदांचा क्लब आहे आणि पुढे मी काही तक्रारीही मांडणार आहे. अशा धाटणीचे क्लब अमेरिकेत जागोजागी आहेत, तेव्हा निवड करताना काय विचारावे आणि काय पाहावे, एवढे या लेखावरून कळले तरी त्याचा उपयोग होईल. माझे मत आधीच सांगून ठेवतो : तिथले शिकवणे अव्वल दर्जाचे आहे, कारभार ढिला आहे, आणि दोन्ही गोष्टी ठाऊक असूनही मी ओळखीच्या माणसाला तिथेच पाठवीन.

ज्यांचा विमानांशी संबंध नाही त्यांच्यासाठी मूळ गोष्ट आधी स्पष्ट करतो. आजच्या बहुतेक प्रशिक्षण विमानांना एक चाक नाकाखाली आणि दोन मुख्य चाके त्याच्या मागे असतात. टेलव्हील विमानात मुख्य चाके पुढे आणि एक छोटे चाक शेपटीखाली असते, त्यामुळे उभे असताना ते नाक वर करून बसलेले दिसते. एकदा हवेत गेल्यावर दोहोंत म्हणण्यासारखा फरक राहत नाही. सगळा फरक जमिनीवरचा आहे. नाकाखाली चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे पडतो, म्हणून ते थोडे वाकडे टेकले तरी आपणहून सरळ होऊ पाहते. टेलव्हीलचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. भरलेली हातगाडी उतारावरून खाली नेताना मागचा भार जसा पुढच्या माणसाला बाजूला सारून स्वतःच पुढे येऊ पाहतो, तसा इथे विमानाचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो, आणि सुरुवातीचा लहानसा वाकडेपणा क्षणाक्षणाला वाढत जातो. वेळेवर रडर, म्हणजे पायांनी चालवायचे शेपटीवरचे सुकाणू, दिला नाही तर विमान जागीच गिरकी घेते. तिला ग्राउंड लूप म्हणतात; तिच्यात पंखाचे टोक जमिनीला घासते आणि प्रसंगी चाकाचा पायही मोडतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ विमान याच बांध्याचे होते. त्या पिढीला हे पायांचे काम पहिल्या दिवसापासून शिकावे लागे. माझ्यासारख्याला ते दीडशे तासांनंतर नव्याने शिकावे लागले.

क्लबकडे टेलव्हीलचे एकच विमान आहे : १९४६ साली बनलेले एरॉन्का चॅम्प, मॉडेल ७ एसी. ओहायोतील मिडलटाउनच्या कारखान्यातून ही विमाने १९४५ पासून बाहेर पडू लागली. सांगाडा पोलादी नळ्यांचा, वरून कापड, ३५ फुटांचे पंख, ६५ अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजिन आणि एकामागे एक अशा दोन जागा. याच काळातल्या पिवळ्या पायपर कबची कीर्ती मोठी आहे आणि अनेक जण कबच्या मोहाने टेलव्हीलकडे वळतात, हे मला ठाऊक आहे. तरीही शिकण्यासाठी मी चॅम्पलाच पसंती देईन. कबमध्ये एकट्या वैमानिकाला मागच्या जागेवर बसावे लागते आणि जमिनीवर असताना पुढचे जवळजवळ काही दिसत नाही. चॅम्पमध्ये शिकणारा पुढे बसतो, त्याला नाकावरून धावपट्टी दिसते, आणि धावपट्टीचा मध्य दिसत असल्यामुळे आपण त्यापासून केव्हा ढळलो हेही त्याला लगेच कळते.

या विमानाचे आपल्याकडे एक जवळचे नाते आहे. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने १९५८ साली उडवलेले ‘पुष्पक’ हे एरॉन्का चीफच्या घडणीवर बेतलेले होते, आणि चीफ व चॅम्प ही एकाच कारखान्यातली सख्खी भावंडे, बरेचसे सुटे भाग एकसारखे असलेली. चीफमध्ये आणि पुष्पकमध्ये दोघे शेजारी शेजारी बसतात, एवढाच डोळ्यांत भरणारा फरक. भारतातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये कितीतरी वैमानिकांचे पहिले धडे पुष्पकवर झाले. हे मी आमच्या प्रशिक्षक बाईंना सांगितले तेव्हा त्यांनी पुष्पकचा फोटो मागून घेतला, आणि आता तो हँगरमधल्या फळ्यावर चॅम्पच्या तपासणीच्या तक्त्याशेजारी टाचलेला आहे.

या चॅम्पमध्ये वीज नाही. स्टार्टर नाही, दिवे नाहीत, रेडिओ हातात धरायचा बॅटरीवरचा. इंजिन सुरू करायचे ते प्रॉपेलर हाताने फिरवून, आणि या एका कामासाठी क्लबने अख्खा एक वर्ग ठेवलेला आहे, ज्यात विमान जागचे हलतही नाही. शेपूट दोराने जमिनीतल्या कडीला बांधायचे, चाकांपुढे लाकडी ठोकळे लावायचे, हातातली अंगठी आणि गळ्यातला रुमाल काढून ठेवायचा, पायाखालचे गवत ओले आहे का ते पाहायचे. प्रॉपेलरवर तळवे सपाट ठेवायचे, पात्याच्या कडेवर बोटे वळवायची नाहीत, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर वळलेली बोटे पात्याबरोबर ओढली जातात. पाते खाली खेचताना त्याच ओघात शरीर मागे जायला हवे. आत बसलेल्याने ‘स्विच बंद’ असे सांगितले तरी ते चालूच आहे असे धरून वागायचे. बाईंनी हे सारे माझ्याकडून इंजिन बंद असताना वीसेक वेळा करून घेतले आणि त्यानंतरच पहिल्यांदा ‘कॉन्टॅक्ट’, म्हणजे ‘स्विच चालू’, असे म्हणू दिले. हा वर्ग अनेकांना वेळेचा अपव्यय वाटेल. मला तो संपूर्ण प्रशिक्षणातला सर्वांत जबाबदारीने घेतलेला वर्ग वाटला.

बाईंविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण हा क्लब म्हणजे मुख्यतः त्याच आहेत. वय सत्तरीच्या पुढे, उमेदीची बरीच वर्षे ग्लायडर ओढणारी विमाने चालवण्यात गेलेली. शाळेतल्या बाईंना म्हणावे तसे मी मनातल्या मनात त्यांना बाईच म्हणत असे. त्या मागच्या जागेवर बसतात आणि फार कमी बोलतात. पहिल्या दोन वर्गांत त्यांच्याकडून मला जो शब्द सर्वांत जास्त वेळा ऐकू आला तो ‘पाय’ हा होता. नाक जरा डावीकडे गेले की ‘पाय’, मी रडर जास्त दाबून ठेवला की पुन्हा ‘पाय’. कुठला पाय, किती, हे त्या सांगत नसत. ते मी बघायचे. सेस्नावर शिकलेल्या माणसाचे पाय उतरताना निवांत असतात. माझेही होते, आणि इतकी वर्षे ते माझ्या ध्यानात आले नव्हते.

पहिला दीड तास आम्ही जमिनीवरच होतो. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान हळू चालवताना, वारा कुठून आहे त्याप्रमाणे स्टिक, म्हणजे हातातला दांडा, कुठे धरायची, हा त्यातला पहिला भाग. समोरून वारा असेल तर स्टिक पोटाशी आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) वाऱ्याच्या बाजूला. मागून वारा असेल तर स्टिक पुढे आणि एलेरॉन वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, नाहीतर वारा शेपटीखाली शिरून तिला उचलतो. मग धावपट्टीवर वेग वाढवून शेपूट उचलायचे, तसेच सरळ धावायचे, आणि न उडता थांबायचे. या सरावाचा खर्च मला भीती वाटली होती त्यापेक्षा बराच कमी आला, आणि त्याचे कारण नोंदवण्यासारखे आहे. काही ठिकाणी इंजिन चालू झाल्यापासून घड्याळाच्या मिनिटांप्रमाणे भाडे लावतात. या क्लबमध्ये भाडे टॅकोमीटरच्या तासांवर आहे, आणि ते मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालत असल्याने कमी फेऱ्यांवर हळू सरकते. जमिनीवर तासभर घालवला तरी मीटरवर पुरता तास भरत नाही. जिथे जमिनीवरचा सराव हाच अभ्यासाचा गाभा आहे तिथे ही पद्धत शिकणाऱ्याच्या हिताची आहे, आणि क्लब निवडताना हा प्रश्न जरूर विचारावा.

उड्डाणाविषयी थोडक्यात. फक्त ६५ अश्वशक्ती असली तरी पूर्ण थ्रॉटल दिल्यावर नाक डावीकडे ओढले जाते, आणि शेपूट उचलण्याच्या क्षणी फिरत्या प्रॉपेलरच्या भोवरी-गुणामुळे ते पुन्हा एकदा डावीकडे जाते. उजवा पाय तयार ठेवला की निभते. ताशी साठ मैलांच्या वेगाने विमान वर चढते. फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली करायच्या पंखांवरच्या झडपा, नसल्यामुळे उंची जास्त राहिली तर विमान वाऱ्यात तिरके धरून, म्हणजे स्लिप करून, उतरावे लागते. सेस्नामध्ये फ्लॅपचा दांडा खाली केला की काम होई. इथे पाय आणि हात एकमेकांविरुद्ध लावून हवेत ती उंची घालवायची, यात मला विलक्षण आनंद वाटला आणि आजही वाटतो.

खरा अभ्यास उतरण्याचा. आधी थ्री-पॉइंट लँडिंग, ज्यात विमान स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपण्याच्या, अगदी काठावर आणून तिन्ही चाके एकदम टेकवायची. ते जमले असे मला चौथ्या वर्गाच्या शेवटी वाटू लागले होते. पाचवा वर्ग सकाळी सातचा होता. वारा पडलेला, गवताच्या धावपट्टीवर दाट दव. माझे पहिलेच लँडिंग सुरेख झाले, तिन्ही चाके एकदम टेकली, विमान उसळले नाही, आणि उतरलो एकदाचे असे मनात येऊन माझे पाय सैलावले. पुढच्या दोन सेकंदांत विमान डावीकडे वळू लागले. मी उजवा रडर दाबला तो उशिरा, आणि उशीर झाला म्हणून जास्त, आणि त्या घाईत टाचेखालचा ब्रेकही दाबला गेला. विमान उजवीकडे फिरले, धावपट्टीच्या कडेचे कापलेले गवत संपून उंच गवत सुरू होते तिथे घुसले आणि अर्धवट वळून उभे राहिले. पंख टेकला नाही, काही मोडले नाही. शेवटच्या क्षणी बाईंनी मागून स्टिक आणि रडर ताब्यात घेतल्याचे मला जाणवले होते.

बाईंनी इंजिन बंद केले. रागावल्या नाहीत, धीरही दिला नाही. ‘चला’ म्हणाल्या आणि धावपट्टीवरून उलट चालू लागल्या. दवाने पांढरट झालेल्या गवतावर आमच्या चाकांचे तीन गडद हिरवे पट्टे स्पष्ट उमटले होते, मुख्य चाकांचे दोन रुंद आणि त्यांच्या मधोमध टेलव्हीलचा बोटभर रुंदीचा एक. जिथे विमान टेकले होते तिथपर्यंत आम्ही मागे गेलो आणि मग पट्ट्यांच्या बरोबरीने पुढे आलो. पहिली पन्नासेक पावले मधला पट्टा बरोबर मध्यावर होता. मग एका जागी तो डाव्या पट्ट्यापासून किंचित दूर आणि उजव्या पट्ट्याच्या किंचित जवळ सरकलेला दिसला. फरक चार बोटांचाही नसेल. बाई तिथे थांबल्या. ‘वळण इथे सुरू झाले,’ त्या म्हणाल्या. मग दहा पावले पुढे जाऊन, जिथे दोन्ही रुंद पट्टे उघड वाकडे झाले होते तिथे त्या पुन्हा थांबल्या : ‘आणि तुम्हाला ते इथे कळले.’ त्या दहा पावलांमध्ये, विमानाच्या वेगाने पाहिले तर अर्ध्या सेकंदाचेच अंतर होते. मी खाली बसून बोट लावून पट्ट्यांमधले अंतर पाहिले. एवढा वेळ शिकवण्यात घालवणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत, आणि त्या वेळेचे पैसे बाईंनी लावले नाहीत. त्या दिवसापासून विमान थांबून इंजिन बंद होईपर्यंत माझे पाय रडरवर सतत, अगदी बारीक, हलत राहू लागले.

व्हील लँडिंग मला याहून जड गेले. यात शेपूट वर ठेवून, थोड्या जास्त वेगाने, फक्त मुख्य चाके टेकवायची आणि टेकताक्षणी स्टिक किंचित पुढे करून विमान जमिनीला धरून ठेवायचे. जमीन जवळ आली की स्टिक मागे घ्यायची, ही सवय हातात इतकी मुरलेली असते की टेकल्यावर ती पुढे करणे म्हणजे नाक मातीत घालणे असे शरीराला वाटते. मी मागे ओढत राहिलो आणि विमान चेंडूसारखे उसळत राहिले. बाईंचा उपाय साधा होता. त्यांनी मला थोडी पॉवर ठेवून, न उतरता, धावपट्टीवरून फूटभर उंचीवर अखेरपर्यंत उडायला लावले, पुन्हा पुन्हा, आणि मग म्हणाल्या की आता याच उंचीवरून चाके आपोआप लागेपर्यंत थांबा. चाके लागली तेव्हा स्टिक पुढे करायला फारसे काही उरलेच नव्हते. अडीच तासांची उसळी त्या एका सरावाने थांबली.

क्लबची एकुलती एक धावपट्टी उत्तर-दक्षिण आहे आणि तिकडचा वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा. एरवी ही गैरसोय म्हटली असती. टेलव्हील शिकणाऱ्यासाठी ती मोठी सोय आहे, कारण आडव्या वाऱ्याचा सराव मुद्दाम शोधत जावे लागत नाही. वाऱ्याकडचा पंख खाली, विरुद्ध रडर, आधी वाऱ्याकडचे चाक आणि टेलव्हील, मग दुसरे चाक, आणि टेकल्यानंतर एलेरॉन हळूहळू पूर्ण वाऱ्याकडे. गवताची गोष्ट अशी की ते चुका पोटात घालते. चाके थोडी तिरकी टेकली तर घसरतात आणि विमान सावरते. डांबरावर चाके घसरत नाहीत, पकडतात, आणि तीच चूक तिथे महागात पडते. फक्त गवतावर शिकलेला माणूस या बाबतीत फसू शकतो. बाई प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटचे दोन वर्ग वीस मैलांवरच्या डांबरी धावपट्टीवर नेतात, तेही वारा असेल त्या दिवशी. माझे पहिले डांबरी लँडिंग घाबरवून टाकणारे होते. ते त्यांच्यासह झाले, एकट्याने झाले नाही, याबद्दल मी ऋणी आहे.

नियमाचा भाग समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यावरूनच क्लबाक्लबांत फरक पडतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांतील कलम ६१.३१ प्रमाणे टेलव्हील विमान स्वतःच्या जबाबदारीवर चालवण्यासाठी लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, प्रशिक्षकाची एन्डॉर्समेंट, म्हणजे सहीनिशी मान्यता, लागते. प्रशिक्षणात साधे व आडव्या वाऱ्यातले उड्डाण आणि उतरणे, व्हील लँडिंग, आणि उतरणे रद्द करून पुन्हा वर जाणे, हे सारे यावे लागते. विमानाच्या निर्मात्याने व्हील लँडिंग करू नये असे सांगितले असेल तर तेवढे वगळता येते. ज्यांनी १५ एप्रिल १९९१ पूर्वी टेलव्हीलवर मुख्य वैमानिक म्हणून तास नोंदवले आहेत त्यांना ही अट नाही. किमान तास ठरलेले नाहीत आणि वेगळी परीक्षा नाही. सारे काही सही करणाऱ्याच्या विवेकावर सोडलेले आहे. त्यामुळे शनिवार-रविवारात सही मिळवून देणारी ठिकाणेही सापडतात. मला ती अकरा तासांनंतर मिळाली, आणि नऊ तासांनी मी अधीर होऊन विचारले तेव्हा बाईंनी एवढेच म्हटले की अजून वारा यायचा आहे. त्या वेळी मला हे वेळकाढूपणाचे वाटले होते. दोन आठवड्यांनी वारा आला आणि त्या दिवशीची माझी पहिली तीन लँडिंग पाहता त्यांचेच बरोबर होते.

आता तक्रारी. पहिली विमानाच्या उपलब्धतेची. एकच चॅम्प आणि शिकणारे सहा-सात, त्यात जूनच्या मध्यात टेलव्हील थरथरू लागले आणि विमान सुट्या भागांसाठी तीन आठवडे बंद राहिले. जुन्या विमानाचे असे होणारच, त्याबद्दल माझा आक्षेप नाही. आक्षेप असा की विमान बंद असल्याचा निरोप मला कोणी दिला नाही. पन्नास मैल गाडी चालवून पोहोचलो तेव्हा हँगरमध्ये शेपूट घोडीवर ठेवलेले दिसले. आरक्षणाची वही हँगरमध्येच असते आणि तिची प्रत कुठेही दिसत नाही. स्वयंसेवकांकडून चोख व्यवस्थेची अपेक्षा धरू नये हे मान्य करूनही, एक फोन अशक्य नव्हता.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. एन्डॉर्समेंट मिळाली की चॅम्प एकट्याने नेता येईल, अशी माझी समजूत होती आणि ती दूर करायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. सही झाल्यावर कळले की क्लबच्या विम्याच्या अटीप्रमाणे एकट्याने विमान नेण्यासाठी टेलव्हीलचे किमान १५ तास हवेत. नियमाने परवानगी दिली म्हणजे विमा कंपनीने दिली असे होत नाही, आणि तशी अट घालण्यात काही गैर नाही. पण ती सभासदत्वाच्या अर्जावर ठळक छापलेली असायला हवी होती. मला आणखी चार तास बाईंसह उडावे लागले आणि पाचशेहून अधिक डॉलर जास्त गेले. ते तास वाया गेले असे म्हणणार नाही. न सांगता ते खर्चात भरले गेले, हे मात्र मला खटकले.

खर्चाचा हिशेब असा. विमान इंधनासह टॅकोमीटरच्या तासाला ११० डॉलर, प्रशिक्षक तासाला ५० डॉलर, सभासदत्व महिना ४० डॉलर. एन्डॉर्समेंटपर्यंत टॅकोमीटरचे ९.६ तास, प्रशिक्षकाचे १४ तास आणि चार महिन्यांची वर्गणी मिळून १,९१६ डॉलर झाले. वजनाचा विचारही आधीच करावा. चॅम्पचे कमाल वजन १,२२० पौंड आहे, क्लबच्या या विमानाचे रिकामे वजन ७८० पौंडांच्या आसपास, आणि १३ गॅलन इंधनाचे ७८ पौंड वजा केले तर दोन माणसांसाठी मिळून साधारण १६४ किलो उरतात. माझे वजन ८० किलो आणि बाई सडपातळ, त्यामुळे आमचे भागले. दणकट बांध्याच्या माणसाला कमी इंधनावर, छोट्या फेऱ्यांमध्ये शिकावे लागेल किंवा अधिक शक्तीचे सिटाब्रियासारखे विमान असलेला क्लब शोधावा लागेल.

नवीन परवाना मिळालेल्यांनी पन्नासेक तास आपल्या नेहमीच्या विमानावर घालवून मग इकडे यावे, असे मला वाटते. त्याआधी आल्यास दोन्हींची सरमिसळ होते. येताना पातळ तळाचे कापडी बूट घालावेत, कारण टाचेने दाबायचे ब्रेक पेडलच्या आत अगदी जवळ बसवलेले आहेत आणि जाड तळाच्या धावण्याच्या बुटांतून ते केव्हा दाबले जातात ते समजत नाही. माझ्या पाचव्या वर्गाच्या प्रसंगात त्या बुटांचाही वाटा होता. सही मिळाल्यावर सराव तुटू देऊ नये. सोबत कोणाला बसवायचे असेल तर मागच्या ९० दिवसांत टेलव्हीलवर तीन उड्डाणे आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात, आणि प्रत्येक लँडिंगनंतर विमान पूर्ण थांबलेले असावे लागते. आरक्षणाच्या वहीत शक्यतो सकाळी सातची वेळ मागावी. त्या वेळी वारा नसतो आणि गवतावर दव असते. ऊन वर आले की तासाभरात ते पट्टे पुसले जातात, म्हणून पहिल्या लँडिंगनंतर लगेच इंजिन बंद करून मागे चालत जावे आणि मधला पट्टा कुठे सरकला ते पाहून यावे.